पुढचा ब्रेक

‘पुढचा ब्रेक दाबायचा नाही. उलटा पडशील.’

हे वाक्य आम्ही प्रथम ऐकले ते १९८६ च्या मे महिन्यात, साताऱ्यातल्या एका शाळेच्या मैदानावर. वडिलांची चेतक होती. हँडल आमच्या हाती आणि वडील मागे, आमच्या खांद्यांवर हात ठेवून. क्लच हळू सोड, गिअर बदलताना खाली पाहू नकोस, इंजिन उजवीकडे आहे तेव्हा गाडी तिकडे कलते हे ध्यानात ठेव, अशा पुष्कळ सूचना त्या आठ दिवसांत मिळाल्या. शरीराने त्या एकेक करून आत्मसात केल्या आणि मग शब्दरूपाने त्या विसरल्याही गेल्या. हे एकच वाक्य मात्र वाक्य म्हणूनच उरले. त्याचा पडताळा घेण्याची सोयच त्यात नव्हती. जे करायचेच नाही, ते करून कसे पाहणार?

आमच्या पिढीतल्या ज्याला ज्याला आम्ही विचारले, त्याने हे वाक्य कोणाकडून तरी ऐकलेले आहे. वडिलांकडून, मामाकडून, थोरल्या भावाकडून, नाहीतर गॅरेजवाल्याकडून. मूळ वक्ता कोण, ते कोणालाच ठाऊक नाही. लोकवाङ्मयाच्या एखाद्या अभ्यासकाने त्याची पाठभेदांसह नोंद करायला हरकत नाही : कोठे ‘उलटा पडशील’, कोठे ‘कोलांटी खाशील’, कोठे ‘हँडलावरून जाशील’. आम्ही मराठी शिकवतो. विधान समोर आले की ते कोणी केले, कोणाला उद्देशून केले, कोणत्या काळी केले हे आधी विचारा, असे वर्गात मुलांना सांगण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. या वाक्याला मात्र आम्ही तो प्रश्न कधीच विचारला नाही, आणि त्याचे परिणाम भोगावे लागले ते दुसऱ्याला.

वडिलांवर अन्याय होऊ नये म्हणून प्रथम त्यांची बाजू. १९७२ साली बाजारात आलेली चेतक ही जिच्यावर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने संसार वाहिले अशी गाडी. चाके दहा इंची, लहान. इंजिन मागे, आणि तेही एका बाजूला. पुढच्या चाकाला लहानसा ड्रम ब्रेक. तो दाबला तर गाडी थांबण्याऐवजी नाकावर वाकल्यासारखी व्हायची. खरा ब्रेक उजव्या पायाखालचा. पुढे एक मूल उभे, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये भाजीची पिशवी, अशा त्या वाहनाचा वेग ताशी चाळिसाच्या पुढे फारसा जात नसे. त्याआधीची पिढी तर सायकलवर वाढलेली; उंच सीटच्या सायकलचा पुढचा ब्रेक उतारावर करकचून दाबला की माणूस खरोखरच हँडलावरून जातो. तेव्हा वडिलांचे वाक्य निराधार नव्हते. त्यांच्या गाडीपुरते, त्यांच्या वेगापुरते ते जवळजवळ खरे होते.

२००४ मध्ये आम्ही मोटरसायकल घेतली, दीडशे सीसीची. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. शोरूममधल्या मुलाने ती चकचकीत तबकडी मोठ्या अभिमानाने दाखवली आणि आम्ही ती दागिना पाहावा तशी पाहिली. स्कूटरवरून मोटरसायकलवर येताना डाव्या हाताला आणि डाव्या पायाला पुष्कळ नवे शिकावे लागते. उजव्या पायाला काहीच शिकावे लागत नाही. स्कूटरवर तो मागचा ब्रेक दाबत होता, मोटरसायकलवरही तोच दाबू लागला. त्यामुळे गाडी बदलली तरी वाक्य बदलण्याची वेळ आली नाही. तीन-चार वर्षांनी सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक हसून म्हणाला, ‘सर, मागचे लायनर दुसऱ्यांदा टाकतोय. पुढची पॅडं अजून कंपनीचीच आहेत.’ आम्हांला ती आपल्या सावधपणाची पावती वाटली. आम्ही त्याला चहा पाजला!

त्या काळी आम्ही साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला शिकवायला जात असू. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. व्याकरण हा त्यांचा विषय. विभागात आणि विभागाबाहेरही सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. त्यांना गाडी येत नव्हती आणि एस. टी. ची वेळ जुळत नव्हती, म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस ते आमच्या मागे बसत. येता-जाता विभक्तिप्रत्ययांची चर्चा चाले. संगम माहुलीचा पूल आला की गप्पा थांबत. तिथे वारा फार, बोललेले मागे ऐकू येत नसे.

डिसेंबर २००९. उसाचा हंगाम. या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अंधार पडल्यानंतर गाडी चालवलेल्या माणसाला पुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पुढे दिवा आणि टेपवर गाणी, मागे मात्र दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने भरलेला. ट्रॉली पंक्चर झाली की ती रस्त्यातच उभी राहते. भोवती मोठाले दगड मांडतात, एखादी फांदी टाकतात. काम झाले की ट्रॉली जाते आणि दगड तिथेच राहतात. त्या संध्याकाळी सात वाजण्याच्या सुमारास आम्ही परतत होतो. वेग पन्नासच्या आसपास. समोरून आलेल्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले, ती निघून गेली, आणि आमच्या दिव्याच्या टप्प्यात एकदम उसाची भिंत आली.

आम्ही ब्रेक मारला. ‘आम्ही’ हे येथे लेखकाचे आदरार्थी बहुवचन आहे. ब्रेक मारणारा पाय एकच होता. टायरचा कर्कश आवाज आला, गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली, मग सरकतच राहिली, आणि शेवटी गाडी आडवी होऊन घसरत ट्रॉलीच्या चाकाला जाऊन लागली. आमच्या मनगटाला चीर गेली आणि कोपर सोलवटले. सरांच्या खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठावन्न. शस्त्रक्रिया झाली, दोन-अडीच महिने अंथरुणात गेले, आणि पुढे काठी आली ती कायमची. निवृत्तीला दोन वर्षे होती. त्यांनी ती आधीच घेतली.

आता त्या रेघेविषयी. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी आम्ही हाताला बँडेज बांधून तिथे गेलो होतो. डांबरावर टायरची काळी रेघ उमटली होती. पोलिसाने पावले टाकून ती मोजली : सत्तावीस पावले, म्हणजे सुमारे वीस मीटर. जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, ‘बघा, केवढा करकचून ब्रेक मारलाय सरांनी. माणूस आणखी काय करणार?’ आम्हांलाही तसेच वाटले. त्या रेघेचा आम्हांला केवढा आधार झाला म्हणून सांगू! पुढची सात वर्षे अपघाताचा विषय निघाला की आम्ही ती सत्तावीस पावले सांगत असू. आपण शक्य ते सर्व केल्याचा तो लेखी पुरावा होता. दोष बिनदिव्याच्या ट्रॉलीचा होता. तो होताच, आजही आहे. त्याबद्दल आमचे मत बदललेले नाही.

२०१६ मध्ये मुलगी अठरा वर्षांची झाली आणि तिने मोटरसायकल शिकायची म्हटले. मैदान तेच. आम्ही मागे बसलो आणि आमच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडले. तिने गाडी थांबवली, मान वळवून विचारले, ‘का?’

‘उलटी पडशील.’

‘पण का, बाबा? मग कंपनी एवढा मोठा ब्रेक पुढे कशाला लावेल?’

उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही हसत हसत हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी पाठकोरा कागद ओढला, दोन वर्तुळे काढली आणि समजावून सांगितले. ते जे म्हणाले ते आमच्या भाषेत असे : गाडी थांबवतो तो ब्रेक नव्हे. ब्रेक फक्त चाकाला अडवतो; गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. आणि घर्षण किती मिळणार ते त्या चाकावर भार किती यावर ठरते. वेग कमी होऊ लागला की गाडीचा आणि माणसाचा भार पुढे झुकतो. बस थांबताना उभे प्रवासी पुढे कलतात, तसाच. जोरात थांबताना भाराचा साधारण तीन चतुर्थांश हिस्सा पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक जवळजवळ रिकामे होते. रिकाम्या चाकाला ब्रेकने आवळले की ते फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशाही राहत नाही. म्हणून गाडीची शेपटी एका बाजूला जाते. मागे माणूस बसलेला असेल तर त्या चाकावर भार थोडा अधिक राहतो, पण गणित फार बदलत नाही.

मग त्यांनी आकडे घातले. कोरडा, बरा रस्ता. वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो, ते १४ मीटर कोणालाच चुकत नाहीत. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी आणखी चौदा-पंधरा मीटरांत थांबू शकते. केवळ मागच्या ब्रेकवर तीस मीटर सहज लागतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे त्यांनी जाता जाता सांगितले. आमचे लक्ष तोवर दुसरीकडेच गेले होते. एकटी रेघच वीस मीटर होती. ब्रेक लागल्यानंतर आमच्यापाशी वीस मीटर होते आणि लागणार होते पंधरा.

‘रेघ एकच होती ना?’ त्यांनी विचारले. एकच होती. ‘म्हणजे मागच्याच चाकाची. पुढचं चाक नुसतं फिरत होतं.’ जी रेघ आम्ही सात वर्षे आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वाचत होतो, ती सगळी आमच्या विरुद्ध साक्ष होती. आम्ही ब्रेक किती जोरात दाबला हे तिच्यात नव्हते. गाडी थांबत नव्हती एवढेच तिच्यात होते. आता रंजन नाही आणि बोधही नाही, असा हा एक पाठ वाचनाचा धंदा करणाऱ्याला डांबरावर शिकावा लागला.

पुढे आम्ही त्या विषयावरचे थोडेफार वाचले. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलींचे ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. म्हणजे आम्ही मैदानावर ते वाक्य ऐकले त्याच्या पाच वर्षे आधी. त्यात म्हटले आहे की बहुतेक चालक ऐनवेळी मागचा ब्रेक नको इतका दाबून चाक घसरवतात आणि पुढचा हवा तितका दाबतच नाहीत. अपघात टाळायला त्यांच्या हाती दोन सेकंदांहूनही कमी वेळ असतो. आणि त्यांतले ९२ टक्के आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. लॉस एंजेलिसलाही मामा आणि थोरले भाऊ असतात, हे वाचून का कोण जाणे, थोडे बरे वाटले.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेटवर आपण भांडतो, मोर्चे काढतो, अग्रलेख लिहितो. हेल्मेट हवेच, पण ते डोके आपटल्यावर कामाला येते. त्याच्या आधीच्या दोन सेकंदांविषयी मात्र कोणी काही बोलत नाही. आमच्या परवान्याच्या परीक्षेत आम्ही इंग्रजी आठचा आकडा काढला होता, पाय न टेकता. थांबून दाखवा, असे कोणी म्हटले नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही आणि मुलगी, दोघेही शिकू लागलो. आधी वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस. पहिल्या दिवशी आमची बोटे लिव्हरवर जाईनात. तीस वर्षांची मनाई बोटांत बसली होती. मेंदूला पटले तरी त्यांना पटत नव्हते. हळूहळू कळले की सगळे रहस्य पहिल्या अर्ध्या क्षणात आहे. लिव्हर प्रथम नुसता भरून घ्यायचा. पुढचे शॉकअप दबू लागतात, भार पुढे येतो, टायर रस्त्यावर पसरून बसतो, आणि मगच जोर वाढवायचा. लिंबू पिळताना वाढवतो तसा, पण सलग. भार येण्याआधीच लिव्हर एकदम आवळला तर पुढचे चाक अडते आणि माणूस पडतो. तसे झालेच तर किंचित सैल सोडून पुन्हा दाबायचे. मागचा ब्रेक सोबतीला, हलका. गुडघ्यांनी टाकी धरायची, नाहीतर सगळे अंग मनगटांवर येते. नजर ज्याची भीती वाटते त्याच्यावर ठेवायची नाही, पलीकडे ठेवायची; नजर जिथे, गाडी तिथे. वळणावर गाडी कललेली असताना हे काही करायचे नाही. आधी गाडी सरळ, मग ब्रेक. आणि पहिल्या पावसाचा रस्ता, वाळू, झेब्रा पट्ट्यांचा रंग, कारखान्याजवळ सांडलेली मळी, खळ्याऐवजी डांबरावर पसरलेली सोयाबीन, अशा ठिकाणी कोणत्याही चाकाकडून फारशी अपेक्षा नाही. तिथे वेग आधीच कमी हवा.

आपण मराठीत ब्रेक ‘मारतो’. शिट्टी मारतो, हाक मारतो, उडी मारतो, तसाच ब्रेक मारतो : एका झटक्यात होऊन जाणारी क्रिया. ‘लावणे’ आणि ‘दाबणे’ ही क्रियापदेही आहेत, पण संकटाच्या वेळी जिभेवर ‘मारणे’च येते. आणि आम्हांला एक संशय आहे, सिद्ध करता येणार नाही असा. ते मूळ वाक्य ‘पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही’ असे असावे. तोंडातोंडी फिरताना त्यातले क्रियाविशेषण गळाले असावे. मौखिक परंपरेत असे पुष्कळ गळते. वडील आता नाहीत. त्यांच्या वाक्यात ‘एकदम’ होते की नाही, हे आम्हांला आठवत नाही. आम्ही फक्त उलटे पडण्याचे ऐकले असेल, हेही शक्य आहे.

एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना, आणि २०१९ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना कायद्याने एक साहाय्य मिळाले आहे. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक अडू लागले की ब्रेक आपोआप क्षणभर सैल करणारी यंत्रणा. त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी. ही चांगलीच गोष्ट आहे. पण अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते. जो तो लिव्हर दाबतच नाही त्याच्यासाठी ते नसल्यासारखेच.

सरांना हे सांगायला आम्ही वर्षभर टाळाटाळ केली. २०१७ च्या दिवाळीत गेलो. मुलगी आपल्या गाडीवर, आम्ही आपल्या. ती खाली थांबली; आम्ही वर जाऊन, चहा होण्यापूर्वीच, सगळे सांगितले. रेघ, वर्तुळे, पंधरा मीटर. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘मी तर इतकी वर्षं लोकांना सांगतोय की टायर फुटला. मागची बाजू गेली ना एकदम. मला तसंच वाटलं.’

‘टायर फुटला नव्हता, सर.’

‘हं.’ पुष्कळ वेळ ते काठीच्या मुठीकडे पाहत होते. आम्ही क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवून नेले होते, ते म्हटले. ते त्यांनी ऐकले. ‘असू द्या’ म्हणाले नाहीत, आणि ते बरे केले असे आम्हांला आजही वाटते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘मुलीला येतं का थांबवता?’

‘येतं.’

‘बघू.’

त्यांना जिना उतरायला वेळ लागतो. आम्ही पुढे, ते मागे, एकेक पायरी. फाटकाशी येऊन ते कठड्याला टेकून उभे राहिले. मुलगी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, वेग घेतला, आणि आमच्यासमोर गाडीचे नाक खाली दबून, आवाज न करता, फाटकापासून हातभर अंतरावर थांबली. रस्त्यावर रेघ नव्हती. सरांनी वाकून रस्ता पाहिला.

‘पुन्हा एकदा कर,’ ते म्हणाले. ती पुन्हा टोकाकडे गेली.